टोल 23 डॉलर 75 सेंट, बिल 73 डॉलर 50 सेंट: एका भाडेगाडीचं प्रकरण

2024 च्या जुलैत, तिसऱ्या आठवड्यात, न्यू जर्सीहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. “क्रेडिट कार्डावर तीन रकमा लागल्यात गं. नाव कुठलं तरी भलतंच आहे. कुणी कार्ड चोरलं असेल का? बंद करून टाकू?”

कार्ड कुणी चोरलं नव्हतं. ते नाव होतं भाडेगाडी कंपनीसाठी टोलचा हिशोब सांभाळणाऱ्या मध्यस्थ कंपनीचं. 56.25, 7.00 आणि 10.25 अशा तीन रकमा होत्या, एकूण 73 डॉलर 50 सेंट. त्यातला खरा टोल 23 डॉलर 75 सेंट. उरलेले 49 डॉलर 75 सेंट कशाचे, हे शोधायला आम्हा दोघांच्या दोन संध्याकाळी गेल्या. अशा गाड्या घेऊन आपली कितीतरी माणसं अमेरिकेत फिरतात, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून मांडते आहे.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, अधिवेशन कॅलिफोर्नियात सॅन होजेला होतं. मी इथे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या भागात राहते. दादा, वहिनी आणि साताऱ्याहून आलेले मामा-मामी असे चौघं अधिवेशनासाठी आले. गुरुवारी 27 तारखेला दुपारी सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्यांनी गाडी घेतली आणि मंगळवारी 2 जुलैला तिथेच परत केली. भाड्याचे दिवस पाच. हॉटेल, पार्किंग, जेवणाची कुपनं असं सगळं मी त्यांना आधी कळवलं होतं. टोलबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. रोज त्याच रस्त्यांवरून जाणाऱ्याला त्यात सांगण्यासारखं काही आहे हे सुचतच नाही. ती चूक माझी.

गोष्ट काउंटरवरच सुरू झाली होती. दादाला तिथे एक छोटा पडदा दाखवला गेला आणि सही, सही, आद्याक्षरं, सही असं चाललं. विमा नको, पेट्रोल भरून देऊ, हे त्यानं नीट ऐकून सांगितलं. टोलचा प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण त्याला वेगळा होकार लागतच नव्हता. करारात कलम होतं: गाडी कुठल्याही बिनरोखीच्या टोल रस्त्यावरून गेली, की भाडेकरूनं कंपनीची टोल सेवा घेतली असं धरलं जाईल. सेवेचे दिवसाला 9 डॉलर 95 सेंट. हे ज्या दिवशी टोल लागला त्याच दिवसापुरते नव्हते. एकदा टोल लागला की भाड्याच्या प्रत्येक दिवसाचे. शिवाय टोल स्वतंत्र आणि तोही सवलत नसलेल्या, सगळ्यांत वरच्या दरानं.

9.95 गुणिले 5 म्हणजे 49.75. सापडले ते पैसे.

सगळ्या कंपन्यांची रीत हीच नसते. काही जण फक्त टोल लागलेल्या दिवसांचे पैसे घेतात आणि त्यावर कमाल मर्यादा ठेवतात. काही जण रोजची एकच ठरावीक रक्कम घेऊन टोलसुद्धा त्यातच धरतात. रोज चार-पाच टोल लागणार असतील तर हा शेवटचा प्रकार परवडूही शकतो. आपल्या करारात यातला कोणता आहे, हे किल्ली हातात येण्याआधी कळलं पाहिजे.

आता गुरुवारची दुपार. विमानतळावरून सॅन होजेला यायचं म्हणजे 101 हा महामार्ग. त्या रस्त्यानं जायला टोल नाही. पण सगळ्यांत डावीकडच्या मार्गिकेला आहे. सॅन मातेओ काउंटीतली ही 22 मैलांची एक्सप्रेस लेन मार्च 2023 मध्ये पूर्ण सुरू झाली आणि पुढे सांता क्लारा काउंटीतही तशीच मार्गिका लागते. सोमवार ते शुक्रवार, पहाटे 5 ते रात्री 8 या वेळात तिथे टोल असतो आणि गर्दी वाढेल तसा दर वाढतो. शनिवारी-रविवारी ती सगळ्यांना मोकळी.

तीन वाजले होते. उजवीकडच्या गाड्या मुंगीच्या पावलानं चाललेल्या, डावीकडची मार्गिका सुसाट. वहिनीनं वरचा फलक वाचला: तीन किंवा जास्त माणसं असतील तर टोल नाही. गाडीत चौघं. दादानं गाडी डावीकडे घेतली. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

फलकावर आणखी एक ओळ असते, फास्ट्रॅक आवश्यक. फास्ट्रॅक म्हणजे कॅलिफोर्नियाची टोल यंत्रणा. (आपल्या फास्टॅगशी नाव जुळतं, संबंध काही नाही.) माणसं तीन आहेत एवढं पुरत नाही. तीन आहेत हे यंत्राला सांगावं लागतं आणि ते सांगतो फास्ट्रॅक फ्लेक्स नावाचा टॅग. माझ्या गाडीत तो आरशामागे चिकटवलेला आहे. तळहाताएवढी प्लास्टिकची डबी, तिच्या कडेला एक सरकतं बटण आणि त्यावर तीन खुणा, 1, 2 आणि 3+. निघताना माणसं मोजायची आणि बटण सरकवायचं. 101 वर दोघं असतील तर अर्धा टोल, तीन किंवा जास्त असतील तर शून्य. रस्त्यावरच्या कमानीखालून गाडी गेली की टॅगवरचा आकडा वाचला जातो. कमानीवर एक दिवाही लागतो, म्हणजे बटण 3+ वर आहे हे हायवे पोलिसांना दिसतं आणि गाडीत खरोखर तिघं आहेत का ते पडताळता येतं.

दादाच्या गाडीत टॅग नव्हता. कॅमेऱ्यानं नंबरप्लेट टिपली. प्लेट भाडेगाडी कंपनीच्या खात्यात नोंदलेली होती, म्हणून दंड लागला नाही, पण एकट्या चालकाचा पूर्ण टोल त्या खात्यावर पडला. सॅन मातेओच्या हद्दीत साडेचार डॉलर, पुढे दोन. दादाच्या न्यू जर्सीतल्या गाडीत ई-झी पास आहे. तो सोबत आणला असता तरी इथे त्याचा काही उपयोग नव्हता. पूर्वेकडच्या राज्यांचा ई-झी पास आणि कॅलिफोर्नियाचा फास्ट्रॅक एकमेकांना ओळखत नाहीत. देशभर एकच टॅग चालावा असं अमेरिकी काँग्रेसनं 2012 च्या कायद्यात लिहून ठेवलं होतं आणि त्यासाठी 1 ऑक्टोबर 2016 ही मुदत दिली होती. ती मुदत कधीच उलटून गेली.

त्या साडेसहा डॉलरनीच कराराचं ते कलम जागं केलं. शुक्रवार-शनिवार गाडी अधिवेशनाच्या पार्किंगमधून जवळजवळ हललीच नाही. तरी त्या दोन दिवसांचेही 9.95 लागलेच.

इथे मामांचा प्रश्न सांगायलाच हवा. गाडीत बसल्यापासून ते विचारत होते, “टोलनाका कुठाय रे?” मुंबई-पुण्याला त्यांनी शंभरदा गाडी नेली असेल. खालापूर आलं की सुट्टे पैसे हातात घ्यायचे, पुढे फास्टॅग आल्यावरही नाक्यापाशी गाडी हळू करायची, दांडा वर गेला की पुढे, ही त्यांची सवय. नाका नाही, दांडा नाही, माणूस नाही, मग पैसे कधी दिले, हे त्यांना कळेना. दादानं हसून सांगितलं की आपल्याला फुकट आहे. मामांचा प्रश्न अगदी बरोबर होता. नाका दिसला असता तर दादानं गाडी थांबवून विचारलं असतं, पैसे मोजले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती.

भारतात भाड्यानं स्वतः चालवायची गाडी घेतली, तर फास्टॅग काचेवर असतोच आणि तो गाडीच्या मालकाच्या नावाचा. टोल त्यातून कापला जातो, शिल्लक कमी असेल तर आपण भरतो किंवा नंतर हिशोबात देतो. फेब्रुवारी 2021 च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. तिथे टॅग गाडीचा असतो. कॅलिफोर्नियात टॅग माणसाचा, तो उचलून दुसऱ्या गाडीत नेता येतो. आपल्याकडून आलेल्यांचा गोंधळ होतो तो या फरकामुळे. “गाडीत असेलच की काहीतरी” असं ते गृहीत धरतात.

रविवारी अधिवेशन संपलं. दुपारी सगळे फ्रीमॉन्टला एका स्नेह्यांकडे जेवले आणि तिथून सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलवर जाताना सॅन मातेओ-हेवर्ड पूल ओलांडला. टोल 7 डॉलर. हा टळण्यासारखा नव्हता आणि टाळायचं कारणही नव्हतं. बे एरियात राज्य सरकारच्या मालकीचे सात पूल आहेत, सगळीकडे टोल एकाच दिशेनं. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे तिथली रोख रक्कम घेणं थांबलं आणि पुढे कायमचं बंद झालं. 2024 मध्ये टोल 7 डॉलर होता, 1 जानेवारी 2025 पासून 8 झाला.

सोमवारी 1 जुलैला ते गोल्डन गेट पुलावरून शहराच्या उत्तरेला पलीकडे गेले. जाताना टोल नाही. शहराकडे परत येतानाच टोल लागतो, तो नियम 1968 पासूनचा. तिथली रोखीची खिडकी तर मार्च 2013 मध्येच बंद झाली. नेमक्या त्याच दिवशी, 1 जुलैला, दर वाढले होते. टॅग असेल तर 9.25, प्लेटवरून स्वतः भरलं तर 9.50, घरी बिल मागवलं तर 10.25. मॅपमध्ये ‘टोल टाळा’ हा पर्याय असतो ना, तो इथे कामाचा नाही. पलीकडून रिचमंडच्या पुलावरून पूर्वेला जाता येतं, त्या दिशेला टोल नाही. पण तिथून सरळ सॅन फ्रान्सिस्कोत शिरायचं तर पूर्वेकडून शहरात येणाऱ्या बे ब्रिजला टोल आहेच. तोही चुकवायचा तर खाडीला वळसा घालून सॅन होजेपर्यंत खाली या आणि 101 नं पुन्हा वर जा. शंभर मैलांहून जास्त.

त्या रात्री फोनवर दादानं सहज सांगितलं की आज गोल्डन गेट पाहिला. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा टोल आला. मी म्हटलं, “अरे, 48 तासांच्या आत ऑनलाइन भरून टाक, म्हणजे कंपनीकडे जाणारच नाही.” एकवेळचं शुल्क भरायची ही सोय खरंच आहे. पूल ओलांडायच्या आधी 30 दिवसांपर्यंत किंवा ओलांडल्यावर 48 तासांत प्लेटचा नंबर घालून पैसे भरता येतात. दादानं मंगळवारी सकाळी हॉटेलवरून साडेनऊ डॉलर भरले, पावतीही आली.

आणि तरी कंपनीनं 10.25 लावले. का, ते दुसऱ्या संध्याकाळी कळलं. दादाकडे गाडीचा मागून काढलेला एक फोटो होता, डिकीत बॅगा ठेवताना मामी हसतायत असा. तो मोठा करून पाहिला. प्लेट ॲरिझोनाची. गाडी कॅलिफोर्नियात घेतली, कॅलिफोर्नियात चालवली, म्हणून अर्जात राज्य निवडताना त्यानं कॅलिफोर्निया निवडलं होतं. भाड्याच्या गाड्या या राज्यातून त्या राज्यात फिरत असतात, कुठल्याही विमानतळावर कुठल्याही राज्याची प्लेट मिळू शकते. त्याचे साडेनऊ डॉलर एका अशा गाडीच्या नावे जमा झाले, जी त्या पुलावर आलीच नव्हती.

मग फोन. टोल यंत्रणेच्या ग्राहक सेवेनं पावती आणि भाड्याचा करार पाहून 9.50 परत केले. मध्यस्थ कंपनीशी बोलणं जास्त वेळ चाललं. त्यांच्या संकेतस्थळावर प्लेट आणि भाड्याच्या तारखा टाकल्या की प्रत्येक टोलची वेळ आणि जागा दिसते, ती यादी आम्ही समोर ठेवली. टोल बरोबरच होते. न वापरलेल्या दोन दिवसांच्या शुल्काबद्दल दादानं नेटानं विचारलं. उत्तर एकच: कलमाखाली तुमची सही आहे. ते पैसे गेले ते गेले.

कायद्यानं ते चूक नव्हतं, हे मला मान्य आहे. पण ही पद्धत ग्राहकाला न्याय देणारी नाही असं मला ठामपणे वाटतं. रोख द्यायची खिडकी उरलेली नाही, दुसऱ्या राज्याचा टॅग चालत नाही, गाडीत टॅग दिलेला नाही, आणि मग पूल ओलांडणं म्हणजेच सेवेला संमती, असं धरायचं. ही तक्रार एकट्या दादाची नाही. 2017 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी ॲटर्नीनं, म्हणजे शहराच्या सरकारी वकिलानं, याच गोल्डन गेटच्या टोलवरून हर्ट्झ ही भाडेगाडी कंपनी आणि तिची टोल सेवा चालवणारी कंपनी यांच्यावर दावा लावला होता. पुलावर रोख भरता येत नाही आणि पर्याय काय आहेत हे ग्राहकांना नीट सांगितलं जात नाही, असा मुद्दा होता. 2019 मध्ये 36 लाख 50 हजार डॉलरवर तडजोड झाली. दादाची गाडी त्या कंपनीची नव्हती.

या चौघांना किती खर्च यायला हवा होता, तो हिशोब मी नंतर मांडला. गुरुवारी साध्या मार्गिकेतून अर्धा तास जास्त लागला असता, टोल शून्य. रविवारी 7 आणि सोमवारी 9.50, दोन्ही ओलांडण्याआधी ऑनलाइन. झाले 16.50. माझा टॅग काचेवर असता तर डावीकडची तीच मार्गिका चौघांना फुकट आणि गोल्डन गेटला 9.25, म्हणजे 16.25. एक्सप्रेस लेनला एकवेळचं शुल्क भरायची सोय नाही, ती फक्त पुलांना. म्हणून टॅग नसेल तर भाड्याच्या गाडीनं आठवड्याच्या दिवशी डावीकडे जाऊच नये, कितीही उशीर होत असला तरी.

सप्टेंबरात नणंदेचं कुटुंब आलं, तेव्हा हे सगळं वापरून पाहिलं. माझ्या खात्यावर एक जास्तीचा टॅग मागवून ठेवला होता. नणंद काउंटरवर उभी असतानाच मी फोनवर होते. तिनं टोलचं कलम मागून घेतलं आणि स्वतःचा टॅग लावला तर शुल्क लागणार नाही ना, हे त्यांच्याकडून तोंडी न घेता करारातच बोटानं दाखवून घेतलं. मग गाडीपाशी गेल्यावर प्लेटचा फोटो पाठवला, नंबर आणि राज्य दोन्ही दिसतील असा. या वेळी प्लेट ओरेगनची होती. मी ती माझ्या खात्यात जोडली, सुरुवातीची आणि शेवटची तारीख-वेळ घालून. शेवटची वेळ घालणं फार महत्त्वाचं. ती राहिली तर गाडी परत केल्यावर पुढचा भाडेकरू ज्या पुलावरून जाईल त्याचा टोल माझ्या खात्यावर येत राहणार.

टॅग मी तिला विमानतळावरच नेऊन दिला आणि आरशामागे स्वतः चिकटवला. पर्समध्ये किंवा सीटवर ठेवला तर तो वाचला जाईलच असं नाही, आणि टॅग वाचला गेला नाही की यंत्रणा प्लेटकडे वळते. प्लेट तर कंपनीच्याही खात्यात असते. मग पैसे कुणाच्या खात्यावर जातील हे नशिबावर. भाच्याला बटणाचं काम दिलं. दहा वर्षांचा आहे, गाडीत बसलं की आधी माणसं मोजायचा आणि मोठ्यानं सांगायचा, “चार! तीन-प्लस!” एकदा त्याचे वडील एकटेच कामासाठी निघाले, तेव्हा धावत जाऊन त्यानं बटण 1 वर सरकवून दिलं.

ते परत गेल्यावर मी खात्याचं विवरण उघडलं. 101 च्या चार नोंदी, प्रत्येकीसमोर 0.00. त्या एकट्या फेरीचे 3.25. बे ब्रिज 7.00. गोल्डन गेट 9.25. महिनाभरानं नणंदेला विचारलं, कार्डावर आणखी काही आलं का? नाही आलं. दादाला मी त्या विवरणाचा फोटो पाठवला. त्यानं तो मामांना साताऱ्याला पाठवला आणि मामांचा लगेच फोन आला: “0.00 म्हणजे यंत्रानं माणसं मोजली होय? मग आमची का नाही मोजली?” मी त्यांना डबीबद्दल आणि बटणाबद्दल सांगितलं. पुढच्या वेळी येईन तेव्हा ते बटण मी सरकवणार, असं त्यांनी बजावून ठेवलंय.